कळमन्याचा लिलाव आणि संघाची निवड

नागपूरच्या पूर्वेला कळमना येथे कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आहे. अंबिया बहाराची संत्री यायला लागली की सकाळपासूनच तेथे गाड्यांची रांग लागते. आवारात ढीग मांडले जातात, अडत्या पुकारा करतो, खरेदीदारांचा घोळका एका ढिगाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. एका सकाळी आम्ही या घोळक्यामागून हिंडत होतो. काम काहीच नव्हते, नुसते पाहायचे होते.

एका खरेदीदाराकडे आमचे लक्ष राहिले. त्याला एक ट्रक भरायचा होता आणि खिशातले पैसे ठरलेले होते. पहिलाच ढीग मोठ्या, एकसारख्या, चकचकीत फळांचा निघाला. बोली चढत गेली, हा मागे हटेना, आणि शेवटी ढीग त्याच्याच नावावर लागला. पुढच्या तीन ढिगांवर मात्र त्याने तोंडही उघडले नाही. चौथ्या ढिगापाशी तर तो थांबलाच नाही, सरळ आवाराच्या टोकाला बारीक फळ होते तिकडे गेला. आम्ही अडत्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ''त्याचे पैसे पहिल्यातच गेले. आता ट्रक तर भरायचाच आहे.'' आणि हसून पुढे म्हणाला, ''हे बाकीच्यांनाही समजलं. म्हणून मधले ढीग स्वस्तात गेले, पाहिलं नाही का?''

आम्ही पाहिले नव्हते. पण या दोन वाक्यांत एक चांगला गणिती प्रश्न आहे. आधी घेतलेली एक महाग वस्तू पुढच्या सगळ्या निवडी कशा बदलते?

हाच प्रश्न त्याच आठवड्यात दुसऱ्या वेशात समोर आला. कळमन्यातल्याच एका शाळेतले क्रीडाशिक्षक आमच्या ओळखीचे आहेत. शाळेबाहेरच्या वेळात ते वस्तीतल्या मुलांचा फुटबॉल संघ चालवतात. एका स्थानिक स्पर्धेसाठी त्यांना बारा जणांची यादी द्यायची होती. मुले ठरलेली होती. तेवढ्यात छत्तीस वर्षांचा एक जुना खेळाडू, एकेकाळी एका सरकारी खात्याच्या संघातून खेळलेला, आपण होऊन खेळायला तयार झाला. आघाडीचा खेळाडू, डोके शांत, पास अचूक, फक्त गुडघा कुरकुरतो. शिक्षक म्हणाले, ''सर, याला नाही कसं म्हणू? पण मग बसवू कोणाला? सगळे म्हणतात, आघाडीला खेळणारा सतरा वर्षांचा पोरगा बसव. त्याची जागाच तर याने घेतली.''

वरवर पाहता हे बरोबर वाटते. आघाडीची जागा भरली, तेव्हा आघाडीचा मुलगा जादा झाला. पण हिशेब जरा खोलात केला तर उत्तर वेगळे निघू शकते. तो हिशेब येथे मांडतो आहोत. वर्गात संभाव्यता शिकवताना तो कामी यावा.

आधी गल्लीतली पद्धत आठवू. दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने भिडू निवडतात. समजा आठ भिडू आहेत आणि त्यांची कुवत ८, ७, ६ अशी उतरत १ पर्यंत आहे. पहिला कॅप्टन ८ घेतो, दुसरा ७, पहिला ६, दुसरा ५, असे चालले तर पहिल्याच्या संघाची बेरीज २० आणि दुसऱ्याची १६ होते. प्रत्येक फेरीत पहिल्याला एकेक गुणाचा फायदा मिळत गेला. आता क्रम थोडा बदला. पहिला, दुसरा, दुसरा, पहिला; पुन्हा पहिला, दुसरा, दुसरा, पहिला. पहिल्याला मिळतात ८, ५, ४, १. दुसऱ्याला ७, ६, ३, २. दोघांची बेरीज १८. फेरी संपली की क्रम उलटा फिरवायचा, एवढीच युक्ती आहे. नागमोडी क्रम म्हणू या.

आपल्याकडे आणखी एक जुनी रीत आहे आणि ती आम्हाला फार हुशारीची वाटते. साधारण सारख्या ताकदीची दोन मुले बाजूला जाऊन गुपचूप टोपणनावे ठरवून येतात, एक चंद्र, एक सूर्य. कॅप्टनला विचारतात, कोण हवा? त्याला कोणाचे नाव काय हे ठाऊक नसते. जोड्या लावण्याचे काम मुलांनीच केलेले असते आणि मुलांना एकमेकांची कुवत मोठ्या माणसांपेक्षा बिनचूक माहीत असते. त्यामुळे संघ जवळजवळ समान पडतात. दोष एकच. कॅप्टनला आपली गरज पाहून निवड करता येत नाही. नशीब फिरले तर दोन्ही गोलरक्षक एकीकडे!

मोठ्यांच्या खेळात मात्र गरज पाहूनच निवड करायची असते. अमेरिकेत हाताने खेळला जाणारा, लांबट चेंडूचा जो फुटबॉल आहे, त्याच्या व्यावसायिक साखळीत १९३६ सालापासून नव्या खेळाडूंची निवड पाळीपाळीने होते. कल्पना फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांची होती. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे, त्याची पाळी सर्वांत आधी. दुबळ्याला हात मिळावा आणि साखळी रंगतदार राहावी, हा हेतू. (त्या पहिल्याच वर्षी सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर हा खेळाडू त्या साखळीत एकही सामना खेळला नाही. निवड म्हणजे अंदाज, याची आठवण पहिल्या दिवसापासून होती म्हणायची.)

आपल्याकडे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते आणि भारतीय खेळाडूंची पाळीपाळीची निवड मुंबईत झाली. त्याखेरीज संघांनी एकेक नामांकित परदेशी खेळाडू आणला. हे बहुतेक जण कारकिर्दीच्या संध्याकाळी आलेले होते. मुंबईचा फ्रेडरिक ल्युंगबर्ग ३७ वर्षांचा होता, गोव्याचा रॉबर्ट पिरेस चाळिशी गाठलेला. ल्युंगबर्ग दुखापतींमुळे मोजकेच सामने खेळू शकला.

पुढच्या वर्षी, १० जुलै २०१५ रोजी, मुंबईत दहा भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. एकूण ७ कोटी २२ लाख रुपयांची उलाढाल झाली आणि सर्वांत मोठी बोली लागली सुनील छेत्रीवर. त्याची मूळ किंमत ८० लाख, मुंबई सिटीने त्याला १ कोटी २० लाखांना घेतले. तेव्हा तो तिशी ओलांडून एकतिसाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होता. फुटबॉलपटूंचा बहर साधारण पंचविशी ते सत्ताविशीत असतो, म्हणजे या हिशेबाने छेत्री अनुभवी खेळाडूंत मोडत होता. लिलावानंतर भारतीय खेळाडूंची पाळीपाळीची निवड व्हायची होतीच. छेत्री आधी हाती आल्यामुळे मुंबईच्या टेबलावरची यादी कोणत्या अर्थाने बदलते?

येथे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आठ संघ, नागमोडी क्रम, आणि आपली पाळी तिसरी. मग आपल्या पाळ्या येतात ३, १४, १९, ३० अशा. तिसऱ्या आणि चौदाव्या पाळीमध्ये दहा खेळाडू दुसरीकडे जातात, चौदाव्या आणि एकोणिसाव्यामध्ये फक्त चार. आपल्याला तीन जागा भरायच्या आहेत. आघाडी, बचाव आणि गोलरक्षक. तिसऱ्या पाळीला उपलब्ध असलेला उत्तम आघाडीवीर ९० गुणांचा, उत्तम बचावपटू ८४ चा, उत्तम गोलरक्षक ८० चा आहे. चौदाव्या पाळीपर्यंत आघाडीचे चांगले खेळाडू संपतील आणि ६२ गुणांचा उरेल, बचावात ७४ चा उरेल, गोलरक्षकांत ७६ चा. एकोणिसाव्या पाळीला गोलरक्षक ७५ चा मिळेल असा अंदाज आहे.

आता सर्वांत आधी कोणाला घ्यावे? बहुतेक विद्यार्थी सांगतील, ज्याचे गुण जास्त त्याला, म्हणजे ९० वाल्याला. उत्तर बरोबर, कारण चुकीचे! पाहायचे ते गुण नव्हेत, घसरण. आत्ता न घेता पुढच्या पाळीपर्यंत थांबलो तर त्या जागेवर किती गमावू? आघाडीत २८, बचावात १०, गोलरक्षकात ४. घसरण आघाडीत सर्वांत जास्त, म्हणून आधी आघाडी. बेरीज होते ९० + ७४ + ७५ = २३९. आधी बचावपटू घेतला असता तर ८४ + ६२ + ७५ = २२१. गोलरक्षकाचे गुण ८० ऐवजी ९५ असते आणि चौदाव्या पाळीला ९१ चा उरणार असता, तरीसुद्धा आधी आघाडीच घ्यावी लागली असती. एवढे एक विद्यार्थ्यांना नीट पटले तरी तास सत्कारणी लागला म्हणावे.

आता आपल्या संघात आधीच ८८ गुणांचा अनुभवी आघाडीवीर आला. आघाडीचा स्तंभ खोडला. उरली बचावाची १० ची घसरण आणि गोलरक्षकाची ४ ची. म्हणजे ज्या तिसऱ्या पाळीने कालपर्यंत आपले २८ गुण वाचत होते, तिने आज फक्त १० वाचतात. पाळी तीच आहे, पण आपल्या लेखी तिची किंमत जवळजवळ एकतृतीयांश झाली. शेजारच्या संघाला मात्र अजून आघाडीवीर हवा आहे, त्याच्या लेखी ती २८ चीच आहे. एकाच वस्तूची दोघांच्या लेखी वेगळी किंमत, ही तर सौद्याची पहिली अट. जेथे पाळ्यांची अदलाबदल चालते, तेथे अशा वेळी संघ आपली आधीची पाळी देतो आणि बदल्यात थोडी नंतरची पाळी अधिक आणखी काहीतरी घेतो. लोकांना वाटते, हे घाबरले, मागे सरकले. प्रत्यक्षात त्यांनी बिनकामाचे झालेले नाणे मोडलेले असते.

दुसरा परिणाम बाकीच्या संघांवर होतो. कळमन्याच्या अडत्याने सांगितला तोच. मुंबईने छेत्री घेतल्याचे सगळ्यांना दिसते. मुंबई आता आघाडीसाठी धावणार नाही, मग त्या रांगेत एक स्पर्धक कमी, मग आपणही जरा थांबायला हरकत नाही, असे बाकीचे सात संघ ताडतात. त्यामुळे ६२ चा अंदाज कदाचित ६५ होतो. एका बोलीने सगळ्यांचे तक्ते थोडे थोडे हलतात.

इंडियन सुपर लीगमध्ये २०१७ साली तर जुना खेळाडू आणि पाळी यांचा विनिमय नियमातच लिहिलेला होता. संघांना दोनपर्यंत वरिष्ठ भारतीय खेळाडू राखता येत, पण राखले तर सुरुवातीच्या पाळ्या सोडाव्या लागत. जमशेदपूर नवा संघ होता आणि दिल्लीने वरिष्ठांपैकी कोणाला राखले नव्हते, म्हणून पहिली फेरी त्यांची. जमशेदपूरने पहिल्याच पाळीला बचावपटू अनस एडाथोडिकाला १ कोटी १० लाखांना घेतले. गोव्याने मंदार राव देसाई आणि गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी यांना राखले, बंगळुरूने छेत्री आणि उदांता सिंग यांना, आणि या संघांनी पहिल्या दोन फेऱ्या नुसत्या पाहिल्या. छेत्री तेव्हा तेहतिशीला टेकला होता. त्या हंगामात त्याने १४ गोल केले आणि बंगळुरू साखळीत पहिले आले. पाळीपाळीच्या निवडीचे ते शेवटचे वर्ष. पुढच्या हंगामापासून संघ खेळाडूंशी थेट करार करू लागले.

छेत्रीकडे पाहून अनुभवी खेळाडू घेणे सोपे वाटेल. तसे नाही. आपण वर आघाडीचा स्तंभ सरळ खोडून टाकला, तेथेच घाई केली. वय वाढते तसा आधी धावण्याचा वेग कमी होतो, पासची अचूकता आणि जागेची जाण बराच काळ टिकते. म्हणजे मैदानावर असेल तोवर तो ८८ चा असतो. पण तो मैदानावर किती वेळा असेल? समजा दहापैकी सात सामन्यांत. उरलेल्या तीन सामन्यांत राखीव खेळाडू खेळेल, आणि तो ५० चा आहे. मग आघाडीच्या जागेचे अपेक्षित मूल्य ८८ × ०.७ + ५० × ०.३, म्हणजे ६१.६ + १५ = ७६.६ इतकेच. ८८ हा आकडा जाहिरातीतला, ७६.६ हा हिशेबातला.

आता राखीव खेळाडू ५० ऐवजी ६५ चा घेतला तर? १५ गुणांची सुधारणा दहापैकी तीन सामन्यांत उपयोगी पडेल, म्हणजे संघाला सरासरी ४.५ गुण मिळतील. मुख्य खेळाडू तरुण असता आणि दहापैकी नऊ सामने खेळला असता, तर हीच सुधारणा १.५ गुणांची ठरली असती. पाहा, अनुभवी खेळाडू आल्यामुळे त्याच्या जागेवरच्या राखीव खेळाडूची किंमत कमी झाली नाही, तिप्पट झाली! शिवाय जुना खेळाडू एकदोन हंगामांत निवृत्त होणार, तेव्हा राखीव म्हणून घेतलेला तरुण त्याच्याजवळ उभा राहून शिकलेला असेल, हा फायदा आम्ही मोजलेलाच नाही.

हे कागदी वाटत असेल तर २०२३ सालची एक हकिगत ऐका. अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यूयॉर्क जेट्स या संघाने ग्रीन बे पॅकर्सकडून ॲरन रॉजर्स हा ३९ वर्षांचा नामांकित खेळाडू घेतला. सौदा झाला २४ एप्रिलला, नव्या खेळाडूंची निवड तीन दिवसांनी होती. जेट्सने आपली तेरावी पाळी दिली आणि पॅकर्सची पंधरावी घेतली, वर बेचाळिसावी पाळी दिली, आणि खालच्या फेऱ्यांतली एकेक पाळी बदलून घेतली. या साखळीत पाळ्यांचे मोल सांगणारा एक तक्ता प्रसिद्ध आहे. डॅलस संघात माईक मॅकॉय यांनी तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केला. त्यात पहिली पाळी ३००० गुणांची, तेरावी ११५०, पंधरावी १०५० आणि बेचाळिसावी ४८० गुणांची आहे. खालच्या फेऱ्यांतले किरकोळ गुण सोडले तर जेट्सने त्या वर्षी ५८० गुण मोजले, म्हणजे जवळजवळ तेहतिसाव्या पाळीची किंमत.

पण सौद्यातला खरा बारकावा पुढच्या वर्षाच्या पाळीत होता. २०२४ ची दुसऱ्या फेरीतली पाळीही द्यायची, मात्र रॉजर्स हंगामातल्या ६५ टक्के चालींत मैदानावर असेल तर तिच्याऐवजी पहिल्या फेरीतली द्यायची. म्हणजे वर आपण ०.७ धरला त्या अनिश्चित आकड्यावर दोघांचे एकमत झाले नाही, तेव्हा त्यांनी तो आकडा करारातच घातला आणि निकाल काळावर सोपवला. विक्रेता आणि ग्राहक यांनी धोका वाटून घेण्याची ही सुबक रीत आहे.

११ सप्टेंबर २०२३ रोजी पहिला सामना झाला. चौथ्या चालीलाच रॉजर्सच्या डाव्या पायाचा टाचेवरचा स्नायुबंध तुटला आणि त्याचा हंगाम संपला. करारातली पाळी दुसऱ्या फेरीतलीच राहिली. पण मैदानावरची जागा राखीव खेळाडूंना सांभाळावी लागली आणि जेट्सने १७ पैकी १० सामने गमावले. दोन पाळ्या मागे सरकण्याचाही अर्थ पाहण्यासारखा आहे. पंधराव्या पाळीची वाट पाहत असताना चौदावी पाळी पिट्सबर्गने दुसऱ्या संघाशी सौदा करून मिळवली आणि बचावभिंतीतला एक उत्तम तरुण, ब्रॉडरिक जोन्स, उचलला. रॉजर्सला संरक्षण देण्यासाठी जेट्सना असाच खेळाडू उपयोगी पडला असता. तक्त्यातले ते शंभर गुण कधी कधी असे नाव-गाव घेऊन समोर उभे राहतात.

जेथे पाळ्या नसून पैसे असतात तेथे हाच हिशेब दुसऱ्या रूपात येतो. क्रिकेटमधले एक उदाहरण आकड्यांसाठी फार सोयीचे आहे. २० फेब्रुवारी २००८ रोजी इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव मुंबईत झाला. प्रत्येक संघाला ५० लाख डॉलरची मर्यादा होती. सचिन तेंडुलकर मुंबईचा मानाचा खेळाडू होता, त्याच्यावर बोली लागणार नव्हती. नियम असा होता, की संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा त्याला १५ टक्के जास्त द्यायचे. मुंबईने ३८ वर्षांच्या सनथ जयसूर्यासाठी ९ लाख ७५ हजार डॉलर मोजले. त्याबरोबर सचिनचे मानधन आपोआप ११ लाख २१ हजार २५० झाले. दोघांत मिळून तिजोरीतला ४२ टक्के भाग गेला.

हरभजन सिंग मुंबईला ८ लाख ५० हजारांना मिळाला. समजा तोच सर्वांत महाग असता, म्हणजे जयसूर्याही तेवढ्यालाच मिळाला असता. मग सचिनचे झाले असते ९ लाख ७७ हजार ५००. म्हणजे जयसूर्यावरचे शेवटचे १ लाख २५ हजार वाढवताना मुंबईच्या तिजोरीतून प्रत्यक्षात २ लाख ६८ हजार ७५० गेले. बोलीचा एक डॉलर २ डॉलर १५ सेंटना पडत होता! चेन्नईकडे असा मानाचा खेळाडू नव्हता, तेथे धोनीसाठी मोजलेले १५ लाख हे १५ लाखच होते. हैदराबादच्या लक्ष्मणने तर आपण होऊन हा मान नाकारला, संघाला खरेदीसाठी पैसे मोकळे राहावेत म्हणून. विद्यार्थ्यांना शेकडेवारीचे रटाळ गणित घालण्यापेक्षा हे घालून पाहावे.

लिलावाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एका सापळ्याचा उल्लेख करतो. विदर्भात संत्र्याची बाग कित्येकदा झाडावर फळ असतानाच विकली जाते. व्यापारी बागेत फिरतात, फळांचा अंदाज घेतात, आकडा सांगतात. समजा पाच व्यापारी आले आणि पाचांच्या अंदाजांची सरासरी अगदी बरोबर आहे. तरीही बाग मिळते ती सर्वांत मोठा अंदाज करणाऱ्याला, आणि तो बहुधा खऱ्यापेक्षा जास्तच असतो. जिंकला तोच फसला! तेलाच्या शोधातल्या लिलावांत हे घडते असे १९७१ मध्ये तीन अमेरिकी अभियंत्यांनी दाखवून दिले. वर्गात चण्यांनी भरलेली बरणी ठेवून प्रत्येकाला चिठ्ठीवर अंदाज लिहायला सांगा. सरासरी खऱ्या संख्येच्या किती जवळ येते आणि सर्वांत मोठी चिठ्ठी किती दूर जाते, ते फळ्यावर मांडा.

अंदाज जितके विखुरलेले, तितका हा सापळा खोल. अनुभवी खेळाडूची कुवत शेकडो सामन्यांत सर्वांनी पाहिलेली असते, म्हणून त्याच्याबद्दलचे अंदाज एकमेकांजवळ असतात. २०१५ च्या लिलावात छेत्रीची किंमत मूळच्या दीडपट झाली. यूजिनसन लिंगडोहला पुण्याने साडेसत्तावीस लाखांवरून १ कोटी ५ लाखांना घेतले, म्हणजे जवळजवळ पावणेचारपट. रिनो अँटो साडेसतरा लाखांवरून ९० लाखांवर गेला, पाचपटीहून जास्त. मूळ किमती कशा ठरल्या हाही भाग त्यात आहे, पण ज्याला सगळे पुरते ओळखतात त्याच्यावर बोली फारशी भरकटत नाही, हे दिसते. त्याच्याबाबत धोका वेगळ्या ठिकाणी असतो. तो किती चांगला आहे हे माहीत असते, किती दिवस उभा राहील हे नसते. आणि एक चांगला म्हणजे संघ चांगला, असेही नाही. छेत्रीने त्या हंगामात ७ गोल केले, साखळीत तीन गोलांची मालिका करणारा तो पहिला भारतीय ठरला, तरी मुंबई आठ संघांत सहावी आली.

क्रीडाशिक्षकांना आम्ही वरचा तक्ता वहीत काढून दिला आणि त्यांच्या मुलांचे गुण त्यांनाच भरायला सांगितले. त्यांनी रात्री बसून भरले. बचावात त्यांच्याकडे जवळजवळ सारखे चार जण होते आणि गोलरक्षक दोन. आघाडीला मात्र जुना खेळाडू आणि तो सतरा वर्षांचा मुलगा सोडला तर कोणीच नव्हते. गुडघ्याची शक्यता त्यांनी ०.६ धरली. आम्ही म्हणालो, इतकी कमी कशाला? ते म्हणाले, ''सर, मी त्याला पायऱ्या उतरताना पाहिलंय.'' या आकड्याने मुलाची किंमत आणखी वाढली, आणि यादीतून नाव गेले ते दुसऱ्या गोलरक्षकाचे.

स्पर्धेत जुना खेळाडू पूर्वार्धात खेळायचा आणि उत्तरार्धात मुलगा, असे शिक्षकांनी ठरवले. दोन सामने तसे झाले, तिसऱ्यात मुलगा पूर्ण वेळ खेळला. चौथा सामना त्यांनी गमावला. त्या संध्याकाळी दुसरा गोलरक्षक वही घेऊन शिक्षकांकडे आला आणि आपल्या नावापुढे ४१ का लिहिले आहे, असे विचारू लागला. शिक्षकांनी आम्हाला विचारले. ४१ हा आकडा एका पावसाळी सामन्यातल्या चार झेलांवरून काढलेला निघाला. आता ते दर रविवारी दोन्ही गोलरक्षकांना वीस वीस फटके मारायला लावतात आणि अडवलेल्यांची नोंद ठेवतात. वही त्या मुलाकडेच असते.